मी ज्याला सोंग म्हणालो

डॉक्टरांनी रूथच्या दंडात इंजेक्शन दिलं आणि मला म्हणाले, "मास्तर, आता फक्त त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहा."

सांगलीतल्या त्या दवाखान्यात आम्ही तिघं होतो. मी, माझी बायको रूथ आणि तिचे थोरले भाऊ. रूथच्या पापण्या अर्ध्यावर उतरलेल्या होत्या. पंधरा-वीस मिनिटांत त्या हळूहळू वर गेल्या. कित्येक महिन्यांनी संध्याकाळच्या वेळी मला तिचे डोळे पुरते दिसले. ती माझ्याकडेच पाहत होती. मी मान खाली घातली.

"मायस्थेनिया ग्रेव्हिस," डॉक्टर म्हणाले. मग सोपं करून सांगितलं, "मेंदूचा निरोप नसांतून स्नायूंपर्यंत पोचतो, पण स्नायूंना तो नीट घेता येत नाही. शरीराची संरक्षक शक्तीच तिथं घोळ घालते. सकाळी माणूस ठीक असतं. वापर होईल तसे स्नायू थकतात. संध्याकाळी पापण्या पडतात, आवाज नाकातून येतो, घास गिळवत नाही. घरच्यांना वाटतं, सोंग करतंय."

शेवटचं वाक्य ते सहज बोलून गेले. साताऱ्याच्या आमच्या घरात तो शब्द मी आठ महिने वापरत होतो.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी शाळेत कवायतीचा मास्तर. आळसाचा मला तिटकारा. सकाळी अंगण झाडून भाकऱ्या थापणारी रूथ संध्याकाळी घरच्या प्रार्थनेत डोळे मिटून बसायची. गीताच्या दुसऱ्या कडव्याला तिचा आवाज फाटायचा. मी म्हणायचो, "देवाचं नाव घ्यायच्या वेळीच बरा तुला थकवा येतो!" साताऱ्याच्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून टॉनिक दिलं. मला आयताच पुरावा मिळाला.

त्याहून वाईट पुढं आहे. मी आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चच्या समाजाचा, पंच. एका रविवारी संध्याकाळच्या उपासनेत प्रार्थना माझ्याकडे होती. रूथ दुसऱ्या बाकावर हनुवटीला हात लावून, मान सावरत बसलेली. मी मोठ्यानं म्हणालो, "प्रभू, जे तुझ्या मंदिरातही पेंगतात, ज्यांची श्रद्धा मंदावली आहे, त्यांना जागं कर." पुष्कळांनी तिच्याकडे वळून पाहिलं असणार. मी डोळे मिटले होते.

सांगलीला आम्ही आलो होतो ते भाच्याच्या लग्नाला. फोटोवाल्यानं तीनदा सांगितलं, "ताई, डोळे उघडा." रूथनं बोटानं पापणी वर धरली. सगळे हसले. तिचे भाऊ तेवढे हसले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाव्हणं, शाळा बुडाली तर बुडू द्या. हिला मोठ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय मी जाऊ देणार नाही." त्यांनी अडवलं नसतं तर दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं आम्ही परतलो असतो.

रूथला दाखल केलं. छातीचा सीटी स्कॅन झाला. या आजारात थायमस नावाच्या ग्रंथीत कधी गाठ असते, ती बघायला. गाठ नव्हती. गोळ्या सुरू झाल्या. चौथ्या दिवशी तिला ताप भरला, आणि दुपारपर्यंत धाप लागली. डॉक्टर म्हणाले, "क्रायसिस." म्हणजे श्वास घेणारे स्नायूच थकले होते. घशात नळी घालून तिला व्हेंटिलेटरवर ठेवलं. आता यंत्र तिच्यासाठी श्वास घेत होतं.

बाहेरच्या बाकावर शिराळ्याकडचे एक निवृत्त हवालदार बसलेले असत. त्यांच्या बायकोला पक्षाघात झाला होता. माझ्या हातातलं बायबल बघून ते म्हणाले, "आवं मास्तर, तुमी प्रार्थनेची मानसं. माज्या कारभारनीसाठी बी मागा की."

"मला तो हक्क राहिला नाही," मी म्हणालो, आणि सगळं सांगून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा.

ते म्हणाले, "हक्काचं असतं तर मागितलं कशाला असतं?"

कृपेवर, म्हणजे हक्क नसताना देवाकडून मिळणाऱ्या देण्यावर, मी मंडळीत कितीदा बोललो होतो. त्या दिवशी मला ती ऐकू आली. मी त्यांच्या बायकोचं नाव विचारलं आणि प्रार्थनेत फक्त दोघींची नावं घेतली.

दोन दिवसांनी हवालदारांची बायको गेली. जाताना ते मुद्दाम माझ्यापाशी आले. "आमचं झालं, मास्तर. तुमच्या बाई कशा हायत?" मी त्यांचे हात धरले. माझी जगत होती, आणि मी तिला कसं वागवलं होतं हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

यंत्रावर ठेवल्याच्या सहाव्या दिवशी रूथची नळी काढली. ती बोलू लागल्यावर मी त्या रविवारच्या प्रार्थनेचं बोललो.

"माझ्यासाठीच होती, कळलं होतं मला," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मी आमेनसुद्धा म्हणाले. मलाही वाटलं, आपल्याच श्रद्धेत खोट आहे."

म्हणजे आजारात तिला देवाचा आधार होता, तोही मी काढून घेतला होता. मी रडलो. ती म्हणाली, "माफ केलंय मी. पण यापुढं माझ्या वतीनं देवाशी बोलू नका. मला बोलता येतं."

तुमच्या घरी कुणी सकाळी ठणठणीत आणि संध्याकाळी गळालेलं दिसलं, तर त्याला नावं ठेवण्याआधी चांगल्या डॉक्टरांकडे न्या. हा आजार मुळापासून जात नाही, पण गोळ्या वेळेवर घेतल्या, विश्रांती सांभाळली, तर संसार चालतो. आमचा चालला आहे. माझं अपराधीपण मात्र औषधानं जाणारं नाही, आणि ते जावं असं मी मागतही नाही.

साताऱ्याला परतल्यावर पहिल्याच रविवारी चर्चच्या पाळकसाहेबांनी आभारप्रार्थनेसाठी माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो. पेंगणाऱ्यांना जागं करण्याची माझी ती प्रार्थना कुणावर होती आणि ती किती खोटी होती, हे सर्वांसमोर सांगितलं. आभार मानायला मात्र तोंड उघडेना. तेव्हा रूथ उठली. सकाळची वेळ, तिचा आवाज स्वच्छ होता. तिनं डॉक्टरांसाठी आभार मानले, भावासाठी मानले. जिला तिनं कधी पाहिलंही नव्हतं, त्या हवालदारांच्या बायकोसाठी ती थांबून बोलली. मग म्हणाली, "आणि माझ्या नवऱ्यासाठी."

तिचे पाय थरथरायला लागले होते. मी तिच्या पाठीमागं हात धरला आणि तिचं बोलून होईपर्यंत तसाच उभा राहिलो.