सात नंबरबाहेरचा बाक

आमच्या खोलीत कुणी पहिल्या भेटीत खरं गाव सांगत नाही आणि येण्याचं खरं कारण तर तिसऱ्या भेटीत बाहेर पडतं. त्यामुळे माणसं विसरली जातात आणि किस्से तेवढे साचत राहतात! शहापूर तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी एचआयव्ही तपासणीचा समुपदेशक. खोली नंबर सात. रक्त काढायला वैशालीताई, बोलायला मी. सोळा वर्षं झाली. नावं मी सांगणार नाही, तेव्हा विचारू नका.

*

पहिल्या वर्षी मला वाटायचं, इथल्या पुरुषांना मित्रांची केवढी काळजी! जो तो मित्रासाठीच विचारायला येतो.

आसनगावचा एक जण आला. इस्त्रीचा शर्ट, कंपनीचं आयकार्ड मुद्दाम उलटं केलेलं. म्हणाला, "सर, माझा एक फ्रेंड लॉजवर गेलेला. काय वापरलं नाय त्यानं. आता लई टेन्शनमध्ये आहे."

"मग त्यालाच पाठवा," मी म्हटलं. "रक्त त्याचं लागेल."

दार नीट लागलंय का, ते त्याने बघितलं. मग शर्टाची बाही वर सारली. "तो लाजतो हो, सर. त्याच्या बदली माझं घ्या!"

वैशालीताईंनी ओठ घट्ट मिटून सुई टोचली. फ्रेंडला काही निघालं नाही.

*

आमच्याकडे एक रीतच पडली आहे. शहापूरचा माणूस तपासायला मुरबाडला जातो आणि मुरबाडचा शहापूरला येतो. आपल्या माणसांनी पाहू नये म्हणून एवढा एसटीचा प्रवास!

एकदा मुरबाडकडचे दोन व्याही एकाच दिवशी असे गुपचूप आले आणि माझ्या बाकावर शेजारी शेजारी सापडले. एकाची मुलगी, दुसऱ्याचा मुलगा, नुकताच साखरपुडा झालेला.

"इकडं कुठं, व्याही?"

"बीपी दाखवायला. तुमी?"

"आमी पन बीपीलाच."

डोक्यावर एचआयव्ही तपासणीची हातभर पाटी! दोघंही तिच्याकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघत बसले. दुपारी दोघांनाही चांगले रिपोर्ट मिळाले. जाताना एकाने विचारलं, "बीपी नॉर्मल ना?"

"एकदम नॉर्मल. तुमचं?"

"माझं पन."

"मग तारीख काढून टाकू!"

वैशालीताई आणि मी हसून हसून बेजार. नंतर मात्र त्यांचे सुकलेले चेहरे आठवले. पन्नाशीच्या त्या माणसांनी किती दिवस नीट जेवण केलं नसेल, कोण जाणे.

*

एक टेम्पोवाला चार वेळा तपासून गेला. चारही वेळा निगेटिव्ह. लागण रक्तात दिसायची तीन महिन्यांची मुदतही कधीच उलटून गेलेली. तरी पाचव्यांदा हजर! जीभ पांढरी झाली, घाम येतो, मांडीला खाज. सगळं मोबाइलवर वाचून आलेला.

"मे महिन्यात घाम मलाही येतो!" मी खेकसलो. "चार रिपोर्ट आहेत हातात. आणखी काय पाहिजे तुला?"

तो खाली बघत म्हणाला, "सर, बायको ताट वाढते ना, तवा घास उतरत नाय. त्याची टेस्ट हाय का तुमच्याकडं?"

नव्हती. त्याला चहा पाजला. मी खेकसायला नको होतं.

*

हा किस्सा मी सहसा सांगत नाही. कसाऱ्याला हायवेवर पंक्चर काढणारा एक पोरगेला माणूस. रविवारी त्याच्या हातून चूक झाली आणि मंगळवारी तो माझ्या दारात आला. बहात्तर तासांच्या आत गोळ्या सुरू केल्या तर लागण टळू शकते, म्हणजे तो अगदी वेळेत होता. पण आत नेमकी त्याच्याच गावची आशा सेविका एका गरोदर बाईला घेऊन बसलेली. तिला बघताच तो मागे फिरला.

मी त्याला बघितलं होतं. येईल पुन्हा, म्हणून हाक मारली नाही.

तो आला शनिवारी. तीन महिन्यांनी रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. आज गोळ्या घेतो, धडधाकट आहे, दुकान जोरात चालतं. मला कधी एका शब्दानं बोलला नाही. उलट जाताना विचारतो, "सर, गाडीत हवा बघू का?" तो असं बोलला की माझी मान वर होत नाही.

*

आणि हा सिद्धगडाच्या बाजूचा शेतकरी. भातकापणीनंतर बाहेरगावी कामाला गेला आणि तिथे नको ते झालं. मी समजावलं, तीन महिन्यांनी शेवटची तपासणी, तोवर घरात कंडोम वापर, नाहीतर लांब राहा.

"पंधरा वर्षांत कदी आणलं नाय, सर. आता काय सांगून आणू?"

मग त्याने घरी सांगितलं की गावदेवीला नवस बोललोय, तीन महिने वेगळं झोपायचं! झालं, गाव खूश. भजनात त्याला पुढे बसवायला लागले. पूजेचा नारळ त्याच्याच हातून.

"लोकं पाया पडतात, सर! मेल्याहून मेल्यासारखं होतं."

दीड महिन्यानं आला तो आणखीच खचलेला. "बायकोनं पन नवस धरला. बोलली, तुमी एकट्यानं कशाला, अर्धा माझा. चपला सोडल्यात तिनं. पान्याला, लाकडांना, सगळीकडं अनवानी. टाचा फुटल्यात तिच्या, सर. मी बघतोय नि गप ऱ्हातोय."

"अरे, खरं सांग तिला."

"रिपोर्ट आला की सांगतो."

एप्रिलमध्ये तो शेवटच्या तपासणीला आला, तेव्हा ती सोबत होती. गुडघा दाखवायचाय, असं त्याने तिला सांगितलेलं. रिपोर्ट निगेटिव्ह आला. कागदाच्या चार घड्या घालून त्याने तो खिशात कोंबला आणि माझ्यासमोर ढसाढसा रडला. मग तोंड धुवायला नळावर गेला.

मी बाहेर आलो. ती बाकावर बसली होती, तापलेल्या फरशीवरून पाय उचलून साडीत घेतलेले. मला बघून उठली. नळाकडे एकदा नजर टाकली आणि हळूच म्हणाली,

"सर, ह्यांचा नवस फिटला ना? चपला आनल्यात मी पिशवीतून."