हात पोचला तिथवर देव

"बाई, थे कुंकू देवानं नाही, म्या लावलं. काल संध्याकाळी. ह्या बोटानं."

पुंडलिकनं बोट दाखवलं. त्याच्यावर लाली होती अजून. राधाबाईनं बोटाकडं पाहिलं, मग कडुनिंबाकडं पाहिलं, अन् दिव्यात तेल ओतलं.

"तुमच्या हातून लावून घेतलं म्हणा, पुंडलिकभाऊ. थो काय सोता उतरून लावते?"

"झाड आहे बाई थे. मी झाडाची गोष्ट करून राहिलो."

"मीही झाडाचीच करून राहिली."

अठ्ठ्याहत्तर सालचा जेठ. पुंडलिकचा बाप काटोलकडून रेल्वेच्या कामावर जबलपूरला आला अन् इथलाच झाला. पोरगा मात्र झाडावर चढला तो तीस वर्षं उतरला नाही. मोकळ्या रानातलं झाड कोणीही पाडते. झाड घराच्या डोक्यावर असलं, की मदन महलपासून सराफ्यापर्यंत पुंडलिकलाच निरोप जायचा.

बाप काटोलला झाड तोडताना पाळायचा ती एक रीत त्यानं सोडली नव्हती. करवत लावायच्या आदल्या संध्याकाळी झाडाला हळदकुंकू लावायचं, चार तांदूळ टाकायचे अन् सांगायचं, "उद्या कापून राहिलो. ज्याचं कोणाचं बिऱ्हाड असन त्यानं आज हलवावं." पाखरं, मुंगळे, आणखी जे काही राहत असेल ते, सगळ्यांना ही एकच नोटीस. त्याचा साळा नथ्थू खाली दोर धरायचा. तो एकदा म्हणाला, "जिजाजी, इथल्या मुंगळ्याले मराठी समजते का?" तेव्हापासून पुंडलिक हिंदीतही सांगायचा, "भैया, कल काटना है, आज निकल लो."

एरवी तो कुंकवाचं बोट मागच्या अंगाला लावायचा. हा निंब पडला जुना, म्हणून मानानं जरा जास्तच लावलं, अन् लावलं तेही गल्लीकडून. सकाळी नळावर आलेल्या राधाबाईला ते दिसलं. आठ वाजेस्तोवर बुंध्याला दोरा गुंडाळून झाला होता, दिवा लागला होता, अन् अकरा बाया मांडी घालून बसल्या होत्या. निंब बापूसाहेबांच्या अंगणातला, अन् पुंडलिकला निरोप धाडला तोही त्यांनीच. पण ते व्हरांड्यात पेपर वाचत राहिले, कारण त्यांच्याच पत्नी विनताबाई दोऱ्याचं रीळ घेऊन सगळ्यात पुढं होत्या.

"तुमचं तुम्ही ठरवा, पुंडलिक. मी यात नाही," बापूसाहेब पेपरामागून म्हणाले.

पुंडलिकचा जीव वरच्या फांद्यात अडकला होता. आठ दिवसांमागच्या आंधीनं तो फांदा बुडाशी चिरला होता, अन् त्याच्या बरोब्बर खाली राधाबाईच्या छपराची कवेलू होती. कवेलूखाली तिची खाट.

"काल त्या फटीत बोटं जात होती बाई, आज पहाटे चढून पाहिलं त मनगट गेलं. दुपारी हवा सुटली त थो सरळ तुमच्या खाटेवर येते."

"देवाचा फांदा माह्यावर काहून पडन?"

"अन् पडला त?"

"त पाहू."

"तुम्ही कशा पाहसान? पाहाचं आम्हाले लागन."

पुंडलिकनं टोपी काढून डोकं खाजवलं. मग बुंध्यापाशी जाऊन हात उंच केला.

"हे पाहा. काल मी जमिनीवर उभा राहून कुंकू लावलं. हात इथवर पोचला. इथवर देव. याच्या वर झाड."

विनताबाई म्हणाल्या, "दोराही तिथपर्यंतच गुंडाळलाय आपण." तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली, फांदा करकरला, अन् वाळकी काडी येऊन राधाबाईच्या दिव्यात पडली. दिवा विझला. सकाळपासून राधाबाईनं पहिल्यांदाच मान वर केली.

"वर झाडच दिसते," ती म्हणाली. "पण चढसान कसे? देवावर पाय देऊन?"

हे पुंडलिकच्या ध्यानातच आलं नव्हतं. बोलला होता तोच, आता निभावायचंही त्यालाच होतं. देवाच्या वर जायचं तर आधी आंघोळ करा, असं बायांनी म्हटल्यावर तो म्हणाला, सकाळीच केली. "बिडीच्या आधी का मागून?" राधाबाईनं विचारलं. मग नळाखाली, अंगावरच्या कपड्यानिशी, अकरा बायांसमोर दुसरी आंघोळ झाली. शिडी टेकवायची ती देवाच्या वर, म्हणून ती पुरेना. बापूसाहेबांचं जेवायचं टेबल बाहेर आलं, त्याच्यावर शिडी उभी राहिली, अन् चार बाया टेबलाचे चार पाय धरून बसल्या. फांदा एकदम खाली येऊ नये म्हणून नथ्थू दोराचे तीन वेढे नेहमी बुंध्यालाच घ्यायचा. आज बुंधा देवाचा, म्हणून त्यानं ते व्हरांड्याच्या खांबाला घेतले, तेव्हा बापूसाहेबांना पेपराची घडी करून उठावं लागलं.

"मी यात नव्हतो," ते म्हणाले.

"सायेब, दोर ताणला की वाकजा," नथ्थू म्हणाला.

पुंडलिकनं फांद्याला दोर बांधला अन् करवत घातली. फांदा कडाडला, खाली झुकला, दोरावर लोंबकळला. नथ्थू बोटबोट सैल देत गेला. एक कवेलू तेवढं फुटलं, अन् फांदा गल्लीत आडवा झाला. राधाबाईनं चिरलेल्या जागी हात घातला. आतून सगळं काळं, पोकळ. हात कोपरापर्यंत आत गेला.

ती घरात गेली. कुंकवाचा करंडा घेऊन आली. दोराला बोट लावलं, नथ्थूच्या कपाळाला लावलं, खांबाला लावलं, अन् टेबलावर चढून शिडीकडं वळली.

"बाई," पुंडलिक वरून म्हणाला, "शिडीले नका लावू. मले उतराचं आहे."

राधाबाईचा हात थांबला. तो थांबलेला पाहून मगच पुंडलिकनं दुसऱ्या फांदीला करवत लावली.