जिवंत भेग

माझा मावसभाऊ गवंडी होता. भिंतीला भेग गेली की तो आधी तिच्यावर सिमेंटची पातळ पट्टी लावी. पट्टी टिकली तर भेग मेलेली, तडकली तर जिवंत, म्हणजे भिंत अजून सरकतेय.

मोठ्या भूकंपानंतर त्याच्या थोरल्या बहिणीच्या घरामागे, उतारावरच्या कातळात अशीच भेग दिसली. घर शाबूत होतं, म्हणून सगळे निर्धास्त. हा मात्र म्हणाला, "ताई, हादऱ्याने डोंगर आतून खिळखिळा झालाय. पाणी मुरलं की घसरेल. मी पट्टी लावतोय. ती तडकली की घर सोडायचं." भाऊजी तेव्हा बाहेरगावी होते.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात हा दर आठवड्याला जाऊन बघायचा. पट्टी आपली धडधाकट. एका दुपारी जेवताना भाऊजी डोळे मिचकावत म्हणाले, "गवंडीबुवा, तुमचं काम कच्चं बरं का. मागची ती पट्टी दोनदा तडकली. मीच गुपचूप लिंपली, तुमची अब्रू राखली."

ह्याचा घास हातातच राहिला. "ताई, ऊठ. ताट राहू दे."

"अरे, पोटभर जेव तरी."

"माझ्या घरी जेवू. आधी चल."

कुणी चिडत, कुणी हसत, पण निघाले सगळे. आणि काय सांगू, संध्याकाळी उताराचा तो अख्खा तुकडा खाली आला आणि त्याने स्वयंपाकघर गिळलं. माणसं मात्र सगळी सुखरूप! भाऊजींनी त्यानंतर जन्मात कधी थापीला हात लावला नाही.