आदल्या दिवशीचा चहा

"उद्या अधिकृत येतो. आज नुसता चहाला आलोय."

हे वाक्य ज्याच्या दारात ऐकू येई, त्याचं घर गेलं असं समजायचं. बोलणारे गृहस्थ कोर्टाचे बेलीफ. घरमालक दावा जिंकला की भाडेकरूकडून जागेचा ताबा घ्यायला यांना पाठवत. शनिवार पेठ त्यांच्याकडे होती. मंडईत तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. काखेत फाइल, आणि मेथीच्या जुडीशी जुनं वैर असल्यासारखी घासाघीस.

आदल्या संध्याकाळी ते दारात चपला काढून आत जाऊन बसत. मला म्हणत, "चपला काढलेल्या माणसावर कुणी ओरडत नाही, मॅडम." चहा पीत, टेम्पोवाला सुचवत, कुठे खोली मिळेल तेही सांगत. दुसऱ्या दिवशी पंचांना घेऊन पोचावं, तर भिंतीवर फक्त कॅलेंडर उरलेलं. मग ते लिहीत, 'जागा रिकामी मिळाली.' भांडी रस्त्यावर नाहीत, रडारड नाही, शेजाऱ्यांची फुकटची करमणूक नाही.

मी त्याच पेठेत भाडेकरूंसाठी मोफत कायदा सल्ला केंद्र चालवते. एक टेबल, एक पंखा आणि वेळ मिळेल तेव्हा येणारा वकील. पैसे एक ट्रस्ट देतो. त्या ट्रस्टचा एक तरुण विश्वस्त एकदा लॅपटॉप घेऊन आला.

"मॅडम, गुड न्यूज! तुमच्या एरियात एव्हिक्शन झीरो आहे."

"झीरो?"

"सक्तीने बाहेर काढलेलं एकही कुटुंब नाही. कोर्टाचाच डेटा आहे. प्रॉब्लेमच नाही, तर सेंटर कशाला? फंड दुसरीकडे वळवू."

"अहो, घरं जातातच. लोक आदल्या रात्री सामान हलवतात, म्हणून ती मोजली जात नाहीत."

"म्हणजे स्वतःहून जातात ना?"

यावर मी त्याला चहा दिला नाही.

संध्याकाळी बेलीफसाहेबांना गाठलं. "तुमच्या चहापायी माझं केंद्र बंद होतंय."

ते आधी हसले. मग काखेतली फाइल सावरली. "मी लोकांची अब्रू वाचवत होतो, मॅडम."

"अब्रू वाचली. पण कोर्टाच्या हिशेबी ती माणसं कधी बेघर झालीच नाहीत."

"मग काय, एखाद्याला मुद्दाम रस्त्यावर बसवू?"

ते मलाही नको होतं. "बघतो," म्हणाले आणि चपला घालून निघाले.

मला माहीत नव्हतं, की ते स्वतःही पेठेतच भाड्याच्या खोलीत राहत होते आणि आपला दावा हरून बसले होते. त्यांच्या खोलीच्या ताब्याचं वॉरंट त्यांनीच शिकवून तयार केलेल्या एका धाकट्या बेलिफाकडे गेलं. तो बिचारा आदल्या संध्याकाळी चपला काढून समोर बसला. मान वर न करता म्हणाला, "काका, उद्या अधिकृत येतो."

"ये की. मी घरीच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी गलका ऐकून मी गेले, तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून साहेब उंबऱ्यात ट्रंकेवर बसले होते. कुकर, तवा, गादी सगळं जागच्या जागी. गल्ली गोळा झालेली.

"काका, उठा ना," धाकटा रडवेला झाला.

"तू उठव. आणि पंचनाम्यात रिकामी जागा लिहिलीस तर बघ. माणूस बसलेला दिसतोय ना? मग तसं लिही." मग गर्दीकडे वळून, "जोशीकाकू, मागे का? पुढे या, नीट दिसेल."

धाकट्याबरोबर आलेल्या दोघांनी त्यांना ट्रंकेसकट उचलून रस्त्यावर ठेवलं. कान लाल झाले होते त्यांचे, पण हनुवटी वर. पुढे निवृत्त होऊन ते लोणी काळभोरला बहिणीकडे गेले. पेठेत पुन्हा आले नाहीत.

नव्या अहवालाबरोबर विश्वस्त धावत आला. "मॅडम, बॅड न्यूज! झीरोचा एक झाला. सेंटर चालू ठेवायला हवं."

"बसा," मी म्हटलं, आणि चहा टाकला.

"एकच आहे, पण कोण असेल हो बिचारा?"

"होते एक," मी म्हटलं. "साखर किती घेता?"