एकशे अठरा काळी बोटे

तारकर्लीच्या कॉस्मे मास्तरांना ऐकीव आकड्यांची भारी चीड. सत्तावनच्या निवडणुकीनंतर गंगाराम खोत तिठ्यावर सांगत सुटला, "अख्खो गाव मताक गेलो!" चहावाला दाजी म्हणे, "खंय? निम्मो गाव होडयेत होतो."

"पुरावो आसा?" मास्तरांनी दोघांनाही गप्प केले. मग पुरावा आपणच गोळा करायचा, असे ठरवून ते घरी आले. मालवणच्या कचेरीत आकडा मिळाला असता. पण कारकुनाच्या तोंडचा आकडा तो ऐकीवच, असे गणित शिकवणाऱ्या या माणसाचे ठाम मत.

पुरुष दिवसभर होडीवर, म्हणून त्यांनी फक्त बायकांचे मतदान मोजायचे ठरवले. विचारायचे काही नाही, कारण माणूस खोटे बोलतो. बघायचे फक्त डाव्या हाताचे पहिले बोट, कारण शाई तिथेच लावतात. नियम म्हणजे नियम. आठ दिवस मास्तर छत्री घेऊन दारोदार फिरले. "बोट दाखय," म्हणायचे, वहीत खूण करायची की पुढे चालायचे. मास्तरच ते, शाळेतून काही फर्मान आले असेल, असे समजून बायकाही मुकाट बोट पुढे करीत.

एकशे एकतीस बायका, एकशे अठरा काळी बोटे. नव्वद टक्के! मास्तरांनी मुंबईच्या एका साप्ताहिकाला तसे पत्र धाडले आणि ते छापूनही आले. मागच्या पडवीत बिया फोडत बसलेल्या बायकोला, रोझालिनाला, त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवले.

तिने विचारले, "ह्यात मीय इलंय?"

"तर! पयला बोट तुझाच."

"पण मी खंय मताक गेल्लंय?"

तिने दोन्ही पंजे त्यांच्यापुढे पसरले. दहाही बोटे काळी. "ह्यो काजीच्या बियांचो चीक. ह्या दिवसांत गावातल्या सगळ्या बायकांचे हात असेच. तुमी उजव्या हाताकडे कधी बघलातच नाय."

"आणि मताक कित्याक गेलंस नाय?" मास्तरांनी विषय बदलायची धडपड केली.

"यादीवालो इल्लो तेवा माझा नाव काय सांगितलात? 'कॉस्मेची बायल'! तसला नाव कोण ठेवतलो? काढून टाकल्यानी."

हे मात्र मास्तरांना आठवले. तेव्हा ते वह्या तपासत होते, मान वर न करताच बोलले होते.

दुसऱ्या दिवशी ते पायी मालवणला गेले. कचेरीतल्या कारकुनाने पाच मिनिटांत कागद काढून दिला: यादीत गावच्या बायका चौऱ्याण्णव, मत दिलेल्या एकोणपन्नास. मास्तरांनी दुरुस्तीचे पत्र लिहिले, आपले गाढवपण त्यात काजूसकट कबूल केले. साप्ताहिकाने ते छापले नाही. त्या नव्वद टक्क्यांवर संपादकांचा अग्रलेख आधीच निघाला होता.

मग पुढच्या यादीच्या वेळी मास्तर पुन्हा दारोदार गेले. या खेपेला छत्री होती, पण तोराही नव्हता आणि नियमही. ओटीवर टेकून एकेकीला ते नाव विचारत. एक म्हातारी बराच वेळ आठवत बसली, मग लाजून म्हणाली, "सुभद्रा. पन्नास वर्सांत कोणी हाक मारूक नाय."

बासष्ट साली रोझालिनाने मत दिले. परत येताना मास्तरांनी हळूच विचारले, "कोणाक दिलंस?"

"तां माझा मी बघीन," ती म्हणाली आणि वाटेत मासे घ्यायला थांबली.