अनुमोदन देऊन घालवलेली चाळ

हसू नका, आधी ऐका. लालबागची आमची अख्खी चाळ मी एका शब्दात घालवून बसलो होतो.

चाळीचा टॉवर होणार म्हणून आमच्या कमिटीला, बाकीच्या सोसायट्यांच्या लोकांबरोबर, दादरच्या एका हॉलात ट्रेनिंग लावलेलं. प्रोजेक्ट कसं सांभाळायचं, कमिटीनं कारभार कसा चोख ठेवायचा, असलं सगळं. माझी वाचायची बोंब! सही तेवढी येते. पण कमिटीत मला वाचायचं कामच नाही. कोणी ठराव मांडला की मी ओरडायचं, "अनुमोदन!" मी ओरडलो की मीटिंग संपते आणि वडे येतात. ठरावात काय होतं? ते कोणाला विचारताय!

तर ट्रेनिंगवाल्या मॅडम काहीतरी समजावत होत्या, मी हळूच चहाला सटकलो. परत येतो तर काय, पुढं टाय लावलेला बिल्डर उभा!

"चाळ उद्याच रिकामी करायची. भाडं मिळणार नाही. नवीन जागा कुठं, ते नंतर बघू."

मॅडमनी विचारलं, "कोणाचं अनुमोदन?"

आता तुम्हीच सांगा, मी काय करणार? सुटलं ना तोंडातून! "अनुमोदन!"

"ठराव मंजूर," मॅडम म्हणाल्या. "गेली तुमची घरं."

शेजारी आमच्याच कमिटीतला बबन. त्याच्या कानात म्हटलं, "बबन्या, हे खरं काय रे?"

या बबनला मी आयुष्यभर छळलाय. कधी चपला लपव, कधी खोटाच पाहुणा आला म्हणून त्याला खाली पळव. त्याला वाटलं, म्हातारा परत खेचतोय. त्यानं पण तोंड पाडलं.

"गेली रे नान्या. उद्या ट्रक येतोय. चाळ तुला सोडत नाय आता, तू गावाला पळ!"

टरकली ना माझी! आमची ही कुठं राहणार? वरच्या मजल्यावरच्या शांताकाकीला तर जिना पण उतरवत नाही. बाहेर जाऊन बायकोला फोन लावला.

"अगं, भांडी बांधायला घे. घर गेलं."

"कसली थट्टा करताय? तव्यावर बांगडे आहेत माझे!"

"देवाशप्पथ गं! मीच घालवलं!"

मी रडतोय म्हटल्यावर तिला पटलं. फोन कट.

जरा वेळानं हॉलचं दार धाडकन उघडलं. पुढं ही, मागं चाळीतल्या सगळ्या बायका. टॅक्स्या भरून आल्या होत्या! हिनं सरळ बिल्डरचा टाय धरला.

"कोणाच्या बापाची चाळ रे?"

"काकी, सोडा हो! मी बिल्डर नाय! गिरगावातल्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे मी. मॅडमनी सरावाला उभं केलंय मला!"

सराव! खोटी मीटिंग, खोटा बिल्डर, खोटा ठराव. विचार न करता हो म्हटलं की काय होतं, ते दाखवायला. मी चहा ढोसत होतो तेव्हा मॅडम हेच सांगत होत्या. आणि बबन? तो खुर्चीवरनं खाली पडून हसतोय.

मॅडम हिच्याकडं वळल्या. "काकी, पण यांना कमिटीत घातलं कोणी?"

हिनं टाय सोडला, पदर नीट केला.

"मीच ओ मॅडम. लग्नापासून एकटीच सोसतेय, म्हटलं, थोडं चाळीनं पण सोसावं!"