उलटी फिरणारी कडी

सकाळी माझा धाकटा भाऊ वसंत जॅकवेलमध्ये उतरला. दुपारी त्याला वर काढलं. संध्याकाळी नदीकाठी मी त्याला अग्नी दिला.

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. आम्ही दोघं कोल्हापुरात एकाच खात्यात होतो. वसंत पाणबुड्या, मी उपकरणं बघणारा ज्युनिअर इंजिनिअर. नदीचं पाणी पंपापर्यंत आणणारी खोल विहीर म्हणजे जॅकवेल. तिच्या तोंडावरच्या जाळीत गाळ, झाडोरा अडकतो. तो काढायला पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून माणूस उतरतो. गढूळ पाण्यात सिलिंडरचा काटा दिसत नाही. हवा किती उरली, हे वेळेवरूनच ठरवायचं. त्यासाठी खात्याचं पाणबुडं घड्याळ.

या घड्याळाच्या काचेभोवती फिरती कडी असते. कडीवर एक खूण. उतरताना खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. काटा खुणेच्या जितका पुढे जाईल, तितकी मिनिटं झाली. वसंतने खूण काठावर दस्तगीरसमोर लावली होती. दस्तगीर त्याचा जोडीदार. एक जण खाली, दुसरा वर दोरावर. वेळ झाल्यावर दस्तगीरने दोर ओढून इशारा केला, पण दोर जाळीत अडकला होता.

वसंतला वर काढलं तेव्हा घड्याळ चालू होतं. खूण मात्र दहा-बारा मिनिटं पुढे सरकली होती आणि कडीवर दगडाचा ताजा ओरखडा होता. खाली कडी घासून फिरली होती. अजून वेळ आहे, असं घड्याळ त्याला सांगत राहिलं.

चौकशीच्या कागदावर शेरा आला: पाणबुड्याचा निष्काळजीपणा.

महिन्याभराने मुंबईच्या व्यापाऱ्याकडून पसंतीसाठी दोन घड्याळं आली. आता दस्तगीर उतरणार होता. दोन्हींची किंमत मधली, जवळपास सारखी. शिफारशीवर सही माझी लागणार होती.

पहिलं वसंतच्या हातात होतं त्याच बनावटीचं. देखणं. चावी द्यावी लागत नाही; हात हलला की आतली स्प्रिंग आपोआप गुंडाळली जाते. तारीख आणि वारही दिसतो. कडी दोन्ही बाजूंना फिरते, लोण्यात बोट फिरावं तशी. दुसरं जाडजूड, रोज चावी मागणारं. त्याची कडी कट् कट् करत एकाच बाजूला फिरते, काट्यांच्या उलट. सुलटी फिरवायला जावं तर जागची हलत नाही.

मी दोन्ही घड्याळं दस्तगीरच्या दोन मनगटांवर बांधली आणि त्याला ऑफिसमागच्या दगडी हौदात उतरायला सांगितलं.

"दादा, दोन दोन घड्याळं! बायको म्हणंल, दुसरं लगीन ठरलं जणू."

त्याला भिंतीशी हात घासत काम करायला लावलं. बाहेर आला तेव्हा दोन्ही कड्या सरकल्या होत्या. पहिलीची खूण पुढे, दुसरीची मागे.

"म्हंजे खोटं दोन्ही बोलत्यात की."

"दोन्ही बोलतात. पण खूण मागे गेली की वेळ जास्त झाल्यासारखा दिसतो. दुसरं खोटं बोलून तुला वर धाडतं."

"मग हेच द्या. लवकर वर आलो तर सायेब शिव्या घालतील, एवढंच न्हवं?"

मी दोन्ही घड्याळं घेऊन साहेबांकडे गेलो.

"पहिलं घ्या," साहेब म्हणाले. "खात्यात तेच आहे."

"म्हणूनच नको."

"माने, दुसरं घेतलं तर आधीचं चुकीचं होतं, असा अर्थ होतो."

"होतंच चुकीचं."

त्यांनी दुसऱ्याची कडी फिरवून पाहिली आणि हसले. "आणि हे उलटं काय? नृसिंहवाडीला उलटी प्रदक्षिणा घालता काय तुम्ही?"

"वाडीला नाही, साहेब. स्मशानात घातली. खांद्यावर मडकं घेऊन, भावाभोवती."

त्यांनी घड्याळ टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "सही करा. विषय संपवा."

"पहिल्यावर करणार नाही. दुसऱ्यावर करतो, आणि का केली तेही खाली लिहितो."

"मलकापूर लांब आहे, माने. पाऊसही फार."

"पुस्तकं घेऊन जाईन."

मी लिहिलं: आधीच्या घड्याळाची कडी पाण्यात फिरली, सबब निष्काळजीपणाचा शेरा टिकत नाही. माझी मलकापूरला बदली झाली. त्या मजकुरानंतर पहिल्या घड्याळावर सही करायला कुणी तयार होईना, म्हणून दुसरं आलं. शेरा मात्र कुणी खोडला नाही. म्हणून मी हे लिहितो आहे.

पुढच्या वर्षी दस्तगीर एसटीने मलकापूरला आला. दारातूनच ओरडला, "दादा, कडी सरकली की! अर्धं काम टाकून वर आलो. बघतोय तर शिलिंडरात हवा शिल्लक."

"आणि साहेब?"

"घातल्या की शिव्या. खाल्ल्या, आन् वर जेवलो बी."

न चुकणारं यंत्र मी नोकरीत पाहिलं नाही. घेताना ते कुठल्या बाजूला चुकतं, तेवढं बघावं.

दस्तगीर आता निवृत्त आहे, नातवंडं सांभाळतो. वसंतच्या हातातलं घड्याळ खात्याने मोडीत काढलं, तेव्हा मी मागून घेतलं. ते माझ्या टेबलावर असतं. हातात कुणी घालत नाही, म्हणून बंद आहे. खूण सरकली होती तिथेच आहे.